बोटीवर खायचं काय? (‘वाड्यातली मंडळी’ ग्रुप)

मंगलआत्या: समीर, बोटवाल्यांचा मेन्यू आत्ता उघडला. शाकाहारी म्हणून खाली मासा लिहिलाय. मी आणि माईंनी चार दिवस ॲमेझॉनचं पाणी प्यायचं का?

समीर: आत्या, कळवलंय मी. दोनदा.

बापूकाका: मी मार्चपासून म्हणतोय, अलेप्पी करा. हाऊसबोट, केळीचं पान, भाषेची कटकट नाही.

नंदूकाका: बापू, तुला मल्याळम येतं हे आज कळलं 😄

मंगलआत्या: चेष्टा नको. मधे उतरून काही घेता येईल का? दही, केळी?

समीर: अवघड आहे. आपण उतरणार ते पेरू देशातलं इकितोस शहर, त्याला बाहेरून रस्ताच नाही, विमान नाहीतर बोट. तिथून शंभरेक किलोमीटर गाडीने नाउता, मग नदी. पुढे पाकाया-सामिरियाचं राखीव जंगल. नाउताला जे चढवतील तेच शिजणार.

सुषमावहिनी: भाजणी दोन किलो पुरेल? केबिनमध्ये इंडक्शन चालेल?

समीर: वहिनी, केबिनमध्ये काहीही शिजवायचं नाही. प्लीज.

सुषमावहिनी: नुसतं विचारलं. महाबळेश्वरला माझ्याच कुकरमधला भात खाल्लात सगळ्यांनी, तेव्हा चाललं.

प्राची: आत्या, मी त्याच बाजूला जाऊन आलेय. नुसतं ‘व्हेज’ सांगून भागत नाही. तिथल्या स्पॅनिशमध्ये ‘सिन कार्ने’, म्हणजे ‘मांसाशिवाय’, म्हटलं की चिकन येतं, कारण त्यांच्या लेखी कार्ने म्हणजे लाल मांस. चिठ्ठीवर लिहून द्या: सिन पोयो (चिकन नको), सिन पेस्कादो (मासा नको), सिन काल्दो दे पोयो (चिकनचं पाणी नको), सिन मांतेका. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. मांतेका म्हणजे डुकराची चरबी. टाकाचो करताना भाजलेली केळी कुटून त्यात तीच घालतात.

मंगलआत्या: केळ्यात?? देवा.

प्राची: पण चोंटा खाऊन बघा. पामच्या आतला पांढरा गाभा. आमच्या बोटीवरची बाई समोर बसून बोटांनी त्याच्या लांब फिती सोडवत होती, वर मीठ-लिंबू. आणि हुआने, म्हणजे बिहाओच्या पानात बांधून उकडलेला हळदीचा भात. आत कोंबडी आणि अंडं असतं, आधी सांगितलं तर बिनकोंबडीचा करून देतात. पुडी सोडली की थेट पानगीची आठवण येते.

नंदूकाका: २४ जूनला सान हुआनच्या सणाला घरोघरी हेच करतात म्हणे. आपण एका आठवड्याने चुकलो. मी मात्र पाइचे खाणार, तीन मीटरपर्यंत वाढतो तो मासा.

मंगलआत्या: नंदू, तू माईंच्या टेबलावर बसायचं नाहीस.

बापूकाका: अलेप्पी. परत सांगतो.

सुषमावहिनी: भाजणीचं कोणी बोललंच नाही.

मंगलआत्या: आणि एकादशीचं काय? बोटीवरच येतेय.

प्राची: युका मिळेल ना उकडलेला. रोजच असतो.

मंगलआत्या: तो काय?

प्राची: कसावा. ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो तोच.

माई: म्हणजे साबुदाण्याचं मूळ. मग चालायला हवं.

मंगलआत्या: माई, साबुदाणा चालतो म्हणून त्याचा कंद कसा चालेल? गुरुजींना विचारते.

नंदूकाका: बटाटा चालतो ना? तो मूळचा पेरूचाच.

मंगलआत्या: तुला कोणी विचारलं?

बापूकाका: केरळात ह्याच कंदाला कप्पा म्हणतात. अलेप्पीत हवा तेवढा.

समीर: काका 🙏 आत्या, चिठ्ठी मी छापून लॅमिनेट करून आणतो.

सुषमावहिनी: भाजणी दीड किलो घेते. कोणाला नको असेल तर आत्ताच सांगा, नंतर बोटीवर माझ्या डब्याभोवती घुटमळू नका.