शेक (रेडिओथेरपी) सुरू होण्याआधी अंडाशय वर सरकवणं: कुणाला उपयोगी, कसं करतात?

मृण्मयी_केएलपी: वहिनीचं वय ३३. गर्भाशयमुखाचा कर्करोग, बायोप्सीत स्क्वेमस (वरच्या चपट्या पेशींचा प्रकार), स्टेज २बी (गर्भाशयाच्या बाजूच्या भागात पसरलेला). गर्भाशय काढणार नाहीत. २५ शेक, दर आठवड्याला सिस्प्लाटिन (केमोचं औषध), मग आतून शेक (ब्रॅकीथेरपी). पाळी कायमची जाईल म्हणतात. पाळी थांबवणारं इंजेक्शन घेऊन अंडाशय वाचतात का, की दुर्बिणीतून वर सरकवावेच लागतात?

रेडिओ_माधव: इंजेक्शन किरणांपासून वाचवत नाही. ओटीपोटाला ४५ ते ५० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) जातात. तिशीतलं अंडाशय कायमचं बंद पडायला साधारण १४ ग्रे पुरतात, चाळिशीत त्याहून बरेच कमी. स्त्रीबीजं तर २ ग्रेच्या आतच निम्मी मरतात.

स्क्वेमसमध्ये अंडाशयात आजार पसरण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी, म्हणून ते ठेवता येतात. अ‍ॅडिनोकार्सिनोमात (ग्रंथींच्या पेशींच्या कर्करोगात) हा धोका जास्त, तिथे सहसा ठेवत नाहीत. आधी एमआरआय किंवा पेट-सीटीत महाधमनीजवळच्या गाठी बघून घ्या. तिथेही शेक द्यायचा असेल तर वर सरकवलेलं अंडाशय पुन्हा किरणांच्या वाटेत येतं आणि ऑपरेशनचा फारसा अर्थ उरत नाही.

सर्जन_अ: अंडाशय गर्भाशयाशी जोडणारा बंध कापतात, गर्भनलिका बहुधा काढूनच टाकतात, मग अंडाशय त्याच्या रक्तवाहिन्यांसकट मोकळं करून आतड्याच्या बाहेरच्या कडेला टाके घालून बसवतात. मूत्रवाहिनी शेजारूनच जाते, ती आधी नीट दिसायला हवी. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपासून किमान दीड सेंटीमीटर वर गेलं पाहिजे. फसतं ते बहुतेक इथेच. दुसरी चूक म्हणजे रक्तवाहिन्या ताणल्या किंवा पिळल्या जाणं. शेक न लागताही असं अंडाशय सुकतं.

दोन्ही अंडाशयांवर टायटॅनियमच्या क्लिपा लावून घ्या, नाहीतर प्लॅनिंगच्या सीटीत (शेक कुठे द्यायचा हे आखण्यासाठीच्या स्कॅनमध्ये) ते ओळखूच येत नाहीत.

मृण्मयी_केएलपी: शेक १२ दिवसांनी आहे. वेळ पुरेल?

रेडिओ_माधव: या चार-पाच दिवसांत झालं तर पुरेल. मात्र प्लॅनिंगचा सीटी ऑपरेशननंतरचाच हवा; आधी झाला असेल तर परत करायला सांगा. ताप किंवा जखमेत पू झाला तर शेक लांबतो, आणि ते परवडणारं नाही. एकदा सुरू झाल्यावर आतला शेक धरून सगळं ८ आठवड्यांत संपवायचं असतं. हमी मात्र कुणी देणार नाही: बाहेरून शेक मिळालेल्या साधारण दोन तृतीयांश बायकांमध्येच अंडाशय चालू राहतं.

नीलिमा_आयव्हीएफ: ताई, मुलाचा विचार असेल तर तेही आत्ताच बोला. शेकानंतर गर्भाशय गर्भ धरण्याच्या स्थितीत राहत नाही, म्हणजे सरोगसी. त्यासाठी २०२१च्या कायद्याच्या अटी वाचा. बीजं गोठवायची तर इंजेक्शनांना १० ते १४ दिवस लागतात, पाळीच्या कुठल्याही दिवशी सुरू करता येतं. बीजं योनीमार्गे काढायची नाहीत, सुई गाठीतून जाऊन रक्तस्राव होऊ शकतो. पोटावरून काढणारं सेंटर बघा.

नंतर पाळी आली नाही म्हणजे अंडाशय गेलं असं नाही, गर्भाशयाचं अस्तरच जळालेलं असतं. एफएसएच (अंडाशय बंद पडलं की वाढणारं हार्मोन) रक्तात तपासा. ते बरंच वाढलेलं, सोबत अंगातून वाफा, असं असेल तर हार्मोन गोळ्यांचं विचारा. स्क्वेमसमध्ये त्या चालतात, पण गर्भाशय जागेवर असल्याने नुसतं इस्ट्रोजेन नको, प्रोजेस्टेरॉन जोडीला हवंच. एकाएकी बाजूला कळ आली तर सोनोग्राफी करा. वर सरकवलेल्या अंडाशयावर पाण्याची गाठ (सिस्ट) होऊ शकते, आणि नेहमीच्या ठिकाणी बघणाऱ्याला ती सापडत नाही; अंडाशय कुठे बसवलंय हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.