पेटंटमधला क्लेम म्हणजे दावाच का?

भाषांतरवाली, नाशिक
सातपूरच्या एका कारखान्यासाठी थर्मल कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या पेटंट-भांडणाचे कागद मराठीत करतेय. पेटंटच्या शेवटी नंबर टाकलेले क्लेम असतात त्यांना कोशात 'दावा' दिलंय, आणि एक कंपनी दुसरीवर कोर्टात जाते तोही दावाच. माझं वाक्य असं झालं, 'दावा क्र. १ चं उल्लंघन झाल्याचा दावा वादीने दाव्यात केला आहे.' मी 'हक्कमागणी' करून पाहिलं तर वकीलसाहेबांनी लाल पेनने खोडलं, पेटंट मंजूर झाल्यावर मागणी कसली म्हणे. पटलं, पण मग लिहू काय?

कोर्टकचेरी
कोर्टातला दावा हलवता यायचा नाही, तो रुळलाय. क्लेम म्हणजे खरेदीखतातली चतुःसीमा असते ताई, पूर्वेला अमका गट नंबर, पश्चिमेला नाला, त्याच्या आतलं माझं. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम १० बघा, संरक्षणाची व्याप्ती सांगणारे क्लेम शेवटी हवेतच. मी 'हद्दकलम' लिहीन.

पिंपळगावकर
आमचे आजोबा सांगायचे दावा हा शब्द दाव्यावरूनच आला, म्हणजे गुराच्या गळ्यातलं दावं. दावं जेवढं लांब तेवढंच चरायचं. क्लेमचंही तेच की.

जुना मास्तर
नाही हो, दावा अरबीतून फारसीमार्गे आलाय, दावं संस्कृत दामन् वरनं. आणि भावकीतला 'उभा दावा' म्हणजे वैर, तो अर्थ राहिलाच की. म्हणून तर पेटंटला एकस्व, क्लेमला हक्ककथन असे आपले शब्द वापरावेत. भगूरच्या सावरकरांनी दिनांक, महापौर दिले ते टिकले ना?

कोर्टकचेरी
दिनांक फॉर्मवर टिकला सर, कोर्टात पक्षकार 'पुढची तारीख कधी' असंच विचारतो. आणि एकस्व म्हटलं तर अंबडमधला एक कारखानदार ओळखणार नाही.

भाषांतरवाली, नाशिक
अजून एक अडलंय. सेन्सरमधला उष्णता टिपणारा पापुद्रा सिलिकॉनच्या वर 'सस्पेंडेड' आहे असं क्लेम म्हणतो. 'टांगलेला' लिहिलं तर खाली लोंबकळतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तो बारीक पायांवर उभा असतो आणि खाली पोकळी, म्हणजे त्याची ऊब सिलिकॉनमध्ये झिरपत नाही. भांडण याच शब्दावर आहे, समोरची कंपनी म्हणते आमचा पापुद्रा टांगलेला नाहीच, टेकलेला आहे.

पिंपळगावकर
शेतातला माळा! चार मेढी रोवून वर फळी, खाली मोकळं. 'माळ्यासारखा उचललेला' लिहा.

कोर्टकचेरी
माळा छान आहे पण 'सारखा' आला की समोरचा वकील त्यातच शिरेल. 'अधांतरी' नको, त्यात आधारच नाही असं होतं. 'पायांवर तोललेला' चालेल का? पण मूळ क्लेममध्ये पायांचा उल्लेख नसेल तर तुम्ही हद्द परस्पर आखडून टाकाल, ते जपा.

जुना मास्तर
आणि थर्मल कॅमेरा का, अवरक्त कॅमेरा म्हणा. अव म्हणजे खाली, रक्त म्हणजे तांबडं. १८०० साली खगोलशास्त्रज्ञ हर्शेलने लोलकातून पडलेल्या रंगांतल्या तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे थर्मामीटर ठेवला तेव्हा पारा चढला, ती सगळी गोष्ट या एका शब्दात आहे.

एकलहरे
अवरक्त किरण शाळेत शिकलोय सर, पण माझ्या आईला तो रक्ताचा आजार वाटला होता. अर्थात थर्मलनेही घोळ होतोच, नाशिकरोडला थर्मल म्हणजे आमचं वीजकेंद्र. वडील थर्मलला होते. मी स्विचयार्डात थर्मल कॅमेरा घेऊन फिरतो, सैल जॉइंट पडद्यावर पांढरा फटक दिसतो. आम्ही त्याला 'गरम पॉइंट' म्हणतो, त्याला कुणाकडे मराठी शब्द आहे का?

पिंपळगावकर
'गरम' मराठीच आहे की.

जुना मास्तर
गरम फारसी.