प्राचीन इस्राएलातील याजकपण : वंशाची अट कशासाठी, आणि वतन का नाही?

महाद्वारकर (प्रश्न)

नमस्कार. गेल्या चातुर्मासापासून मी मराठी पवित्र शास्त्रातील जुना करार सवडीने वाचतो आहे. लेवीय आणि गणना ही पुस्तके रूक्ष म्हणून पुष्कळ वाचक ओलांडून पुढे जातात. मी मात्र तेथेच अडकलो. माझे बालपण अंबाबाईच्या देवळाच्या सावलीत गेले. श्रीपूजकांच्या घरांत पाळी कोणाची आणि हक्क कोणाचा हे बोलणे रोज कानावर पडे, त्यामुळे मोशेचा भाऊ अहरोन याच्या वंशातील पुरुषांनीच वेदीपाशी जावे, त्याच्याच लेवी वंशातील (इस्राएलाच्या बारा वंशांपैकी एक) इतरांनी निवासमंडपाची, म्हणजे तंबूच्या फिरत्या मंदिराची, सेवा करावी आणि बाकीच्यांनी दूर राहावे, हा नियम मला ओळखीचा वाटला. पण गणनेच्या अठराव्या अध्यायात देव अहरोनाला सांगतो की तुला या देशात वतन मिळणार नाही, तुझे वतन मीच. आपल्याकडे पूजेअर्चेच्या सोयीसाठी देवस्थान इनाम असते आणि सेवेकऱ्याचा हक्क व जमीन बहुधा बरोबर चालतात. तेथे हक्क दिला आणि जमीन काढून घेतली, याची संगती कशी लावावी? शिवाय एखादा मनुष्य खरोखरच अहरोनाच्या वंशातील आहे, हे ठरवीत तरी कसे?

राजारामपुरीचा मास्तर

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणनेच्याच तिसऱ्या अध्यायात दडलेले आहे, आणि ते हिशेबाच्या रूपात असल्यामुळे नजरेतून सुटते. मिसर देशातून सुटकेच्या वेळी इस्राएलांचे प्रथमजन्मलेले मुलगे वाचले, म्हणून प्रत्येक घरातील थोरला मुलगा देवाचा, अशी मूळ धारणा आहे. त्या सर्व थोरल्या मुलांच्या बदली देवाने लेवी वंश घेतला. मोजणीत लेवी २२,००० भरले आणि प्रथमजन्मलेले २२,२७३. तेव्हा वरच्या २७३ मुलांसाठी माणशी ५ शेकेल (चांदीचे वजन) घेऊन ते १,३६५ शेकेल अहरोनाला व त्याच्या मुलांना देण्यात आले. जमाखर्च किती काटेकोर आहे ते पाहा! यावरून असे दिसते की लेवी वंशाची सेवा हा एका घराण्याने मिळवलेला मान म्हणून सांगितलेला नाही. सगळ्या घरांवरचे देणे एका वंशाने आपल्या अंगावर घेतले, अशी ती मांडणी आहे. देणे पिढ्यान्‌पिढ्यांचे, म्हणून सेवाही पिढ्यान्‌पिढ्यांची.

वतन नाकारल्यावर पोट भरायचे कसे, याचीही तरतूद आहे. इतर वंशांनी उत्पन्नाचा दशमांश लेव्यांना द्यावा आणि लेव्यांनी त्या दशमांशाचा दशमांश याजकांना द्यावा. यज्ञपशूंपैकी काहींचे ऊर व उजवी मांडी याजकाची, होमबलीचे कातडे त्याचे, प्रथमउपजही त्याची. राहण्यासाठी लेव्यांना ४८ नगरे नेमली होती आणि त्यांपैकी १३ अहरोनाच्या वंशाकडे होती. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर इनाम नाही, पण बलुते आहे. पीक बुडाले की याजकाचेही ताट रिकामे, आणि लोकांनी दशमांश द्यायचे थांबवले की लेवी आपापल्या शेतांकडे पळत, असे नहेम्याच्या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे.

वाइल्डरचा शेजारी

मास्तरांचे विवेचन सुंदर आहे, परंतु त्यांच्या शेवटच्या वाक्यातच एक गाठ आहे. लेव्यांना जमीन नव्हती तर ते पळाले ते कोणत्या शेतांकडे? मी चर्चच्या आवारात लहानाचा मोठा झालो, त्यामुळे ही वचने लहानपणापासून पाठ आहेत, आणि ही शंकाही तितकीच जुनी आहे. शलमोन राजाने अब्याथार याजकाला पदावरून दूर केले तेव्हा त्याला अनाथोथ येथे आपल्या शेतावर जाण्यास सांगितले. यिर्मया संदेष्टा याच अनाथोथच्या याजकांपैकी. त्याने चुलतभावाचे शेत १७ शेकेल रुपे तोलून विकत घेतले, खरेदीखतावर साक्षी घेतल्या आणि ते खत मातीच्या पात्रात जपून ठेवविले. लेव्यांच्या नगरांभोवती गायराने असत आणि ती विकण्यास मनाई होती, हे खरे. परंतु कायद्यातील भूमिहीन याजक आणि प्रत्यक्षातील याजक यांत अंतर होते, हे मान्य करावे लागते. कागदावरचा सातबारा आणि बांधावरची वहिवाट यांतील फरक कोल्हापूरकराला समजावून सांगण्याची गरज नसावी.

पंचगंगाकाठ

दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांची यादी एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तीत तीन घराणी आपण याजक असल्याचे सांगतात, परंतु त्यांची नावे वंशावळीत सापडत नाहीत. म्हणून त्यांना अशुद्ध ठरवून याजकपणातून काढले जाते आणि उरीम व थुम्मीम (देवाचा कौल घेण्याची साधने) बाळगणारा याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र पदार्थ खाऊ नयेत, असा हुकूम प्रांताधिकारी देतो. त्यांतील बर्जिल्लयाच्या घराण्याची कथा तर आपल्याकडील वाटावी अशी आहे : पूर्वजाने गिलादी बर्जिल्लयाची मुलगी केली आणि सासऱ्याचेच नाव लावले, त्यामुळे पुढच्या पिढ्यांचा हक्क अडचणीत आला. पहिल्या शतकातील इतिहासकार योसेफस स्वतः याजक घराण्यातील होता; तो सांगतो की मिसरात व बाबेलात राहणारे याजकही आपल्या विवाहांच्या नोंदी यरुशलेमेस पाठवीत.

पाळीचेही साम्य आहे. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात याजकांचे २४ वर्ग चिठ्ठ्या टाकून ठरवले आहेत, अहरोनाच्या मुलांपैकी १६ एलाजाराच्या वंशातून आणि ८ इथामाराच्या. पुढील काळात एकेक वर्ग आठवडाभर मंदिरात सेवा करी. लूकच्या शुभवर्तमानातील जखऱ्या हा अबीयाच्या, म्हणजे आठव्या, वर्गातला.

मात्र वंशाची अट आरंभापासून इतकी कडक होती, असे मला वाटत नाही. शास्त्यांच्या पुस्तकात मीखा आधी स्वतःच्या मुलालाच पुरोहित करतो आणि नंतर एक लेवी मिळाल्यावर त्याला वर्षाला १० शेकेल व कपडालत्ता देऊन ठेवतो. म्हणजे लेवी असणे अधिक चांगले, पण अत्यावश्यक नाही. दावीद राजाच्या मुलांनाही शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात याजक म्हटले आहे, आणि दावीद तर यहूदा वंशाचा.

महाद्वारकर

सर्वांचा आभारी आहे. मग घराण्याबाहेरचे याजक कोणी उघडपणे नेमले होते काय? वेदोक्त प्रकरणानंतर शाहू महाराजांनी १९२० मध्ये मराठा समाजातून क्षात्रजगद्गुरू नेमले, म्हणून विचारतो.

पंचगंगाकाठ

होय, उत्तरेकडील राज्याचा राजा यराबाम याने लेवी नसलेल्या लोकांतून याजक नेमले. पण त्याची हकिगत लिहिणारे यरुशलेमेच्या बाजूचे असल्यामुळे ते त्याला पाप म्हणतात, त्याची बाजू आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. महाराजांशी ही तुलना फार ताणू नये, असे मला वाटते. यराबामाला लोकांनी यरुशलेमेस जाऊ नये एवढेच हवे होते, तर आपल्याकडील वाद धार्मिक अधिकार आणि मानाचा होता. वंशाच्या आतून उठलेला विरोध पाहायचा असेल, तर गणनेच्या सोळाव्या अध्यायातील कोरह वाचावा. तो स्वतः लेवी, आणि सगळी मंडळी पवित्र असताना तुम्हीच का श्रेष्ठ, असे तो मोशे व अहरोन यांना विचारतो.

राजारामपुरीचा मास्तर

शेजाऱ्यांची गाठ मला सोडवता येत नाही, ती कबूल. एक भर घालतो. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडले आणि यज्ञ बंद झाले, तरी याजकांचा वंश मोजणे थांबले नाही. परंपरा पाळणाऱ्या यहुदी सभास्थानात आजही तोरा (मोशेची पाच पुस्तके) वाचनाला पहिला मान कोहेनाचा, म्हणजे अहरोनवंशीय याजकाचा, दुसरा लेवीचा. थोरल्या मुलाच्या सुटकेसाठी कोहेनाला ५ नाणी देण्याचा विधीही चालू आहे. ते ५ म्हणजे गणनेतील तेच ५ शेकेल. कोहेनाने घटस्फोटितेशी लग्न करू नये आणि जवळच्या आप्ताखेरीज कोणाच्या प्रेताजवळ जाऊ नये, ही बंधनेही त्याच्यावर राहिली आहेत. वेदी गेली, दशमांश गेला, तरी सोवळे मात्र उरले.