मिक्ससाठी नुसता आवाज असलेले ट्रॅक कुठून आणता?

रात्रपाळी:
डीजे म्हणून हाऊस (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) वाजवतो, बहुतेक 122 ते 126 बीपीएममध्ये (मिनिटाला ठोके). एका ट्रॅकच्या वाद्यांवर दुसऱ्याच गाण्यातला आवाज सोडायचा, हा प्रकार मला भयंकर आवडतो, पण फाइलींपाशीच घोडं अडतं. नाव टाकून 'अकापेला' (वाद्यांशिवाय नुसता आवाज) शोधलं की जे हाती लागतं त्यात मागे हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांज) किणकिणत असते, नाहीतर आवाज पाण्याखालून आल्यासारखा. त्यात सॉफ्टवेअर त्याचा बीपीएम काहीच्या बाही दाखवतं. तुम्ही कुठून मिळवता?

मंद्रसप्तक:
बीटपोर्ट किंवा ट्रॅक्ससोर्स या डीजेंच्या ऑनलाइन दुकानांत त्या गाण्याच्या सगळ्या आवृत्त्या उघडून बघ. हाऊसमध्ये बरीच लेबलं मूळ मिक्सशेजारी अकापेलाही देतात. जुनं काही हवं असेल तर 12 इंची सिंगल तबकड्या शोध, त्यांच्या बी-साइडला बऱ्याचदा नुसता आवाज असायचा. विकत घे, विषय संपला.

दुसरा_डेक:
विषय तिथे कुठला संपतोय! आवडणाऱ्या गाण्यांतल्या बऱ्याचशांची अकापेला कधी निघालेलीच नसते. नेटवर फिरतात त्या कुणीतरी काढलेल्या, मग आणखी कुणीतरी पुन्हा एमपी3 केलेल्या. ती किणकिण तिथूनच येते. अशी उष्टी फाइल घेण्यापेक्षा मूळ गाणं वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणारे फाइल-प्रकार) घे आणि आवाज स्वतः काढ.

2019 मध्ये डीझर या संगीत स्ट्रीमिंग कंपनीने स्प्लीटर हे आवाज आणि वाद्यं वेगळी करणारं सॉफ्टवेअर सर्वांना खुलं केलं, तेव्हापासून हे काम सोपं होत गेलं. मी आता त्याच कामाचं डेमक्स वापरतो, तेही अल्टिमेट व्होकल रिमूव्हर या ॲपमधून, म्हणजे कमांड टाइप करत बसावं लागत नाही. सेराटो, रेकॉर्डबॉक्स, व्हर्च्युअलडीजे ही डीजे सॉफ्टवेअरं गाणं वाजता वाजताच आवाज वेगळा करतात, पण आधी निवांत काढून ठेवलेला जास्त स्वच्छ निघतो.

खरा फायदा पुढे आहे. सॉफ्टवेअर बीपीएम शोधतं ते ठोक्यांवरून. नुसत्या आवाजात ठोकाच नाही, मग ते बिचारं चाचपडतं. तू काढलेल्या आवाजाची लांबी मूळ गाण्याइतकीच असते. त्यामुळे मूळ गाण्याची बीटग्रिड (ठोक्यांच्या खुणांची जाळी) जशीच्या तशी लागते: तोच बीपीएम, तीच पहिली सम. फक्त सुरुवातीची शांतता कापू नकोस आणि फाइल वेव्हच राहू दे. एमपी3 केलीस तर सुरुवातीला काही मिलिसेकंदांची पोकळी शिरू शकते, आणि मग गाणारा समेच्या किंचित मागे पडतो. का ते शोधत बसशील.

गाणं निवडताना मात्र कठोर हो. रिव्हर्बमध्ये (घुमाऱ्यात) बुडालेला आवाज, मागे कोरस, करकरीत गिटार असेल तर नाद सोड. कोरडा, पुढे आलेला आवाज आणि मागे विरळ वाद्यं, हे सगळ्यात छान सुटतं. साधारण 120 हर्ट्झखालचं हाय-पास फिल्टरने (खालचे सूर कापणारा) उडव, किकचे (मोठ्या ड्रमच्या ठोक्याचे) अवशेष तिथेच दडलेले असतात. वर जी थोडी घरघर उरते ती तुझ्या ट्रॅकच्या हाय-हॅटखाली झाकली जाते. ब्रेकडाऊनमध्ये, म्हणजे ठोके थांबतात त्या भागात, तीच उघडी पडते, म्हणून तिथे आवाज एकटा सोडू नकोस.

रात्रपाळी:
ग्रिडचं डोक्यातच आलं नव्हतं! आता एक 98 बीपीएमचं गाणं 124 वर बसवायचंय. की लॉक लावून जमेल?

दुसरा_डेक:
26 टक्क्यांहून जास्त ताणतोयस राव. की लॉकने पट्टी टिकेल, पण शब्द कुरकुरतील आणि गायकाला धाप लागल्यासारखं वाटेल. मी पाच-सहा टक्क्यांपलीकडे जात नाही. त्यापेक्षा 62 च्या आसपासचं संथ गाणं घे, 124 वर दुपटीत आपसूक बसतं. आणि पट्टी कॅमेलॉट चक्रावर (कोणत्या पट्ट्या जुळतात ते क्रमांकांनी दाखवणारा तक्ता) बघ: 8ए ला 8ए, 7ए, 9ए नाहीतर 8बी. तरी शेवटी कानाने ठरव, कारण सॉफ्टवेअर पट्टी ओळखण्यातही चुकतं.

मंद्रसप्तक:
एक राहिलं. आवाज आपण वेगळा काढला म्हणून तो आपला होत नाही. हौसेने वाजवणं वेगळं आणि स्वतःच्या नावाने ट्रॅक प्रसिद्ध करणं वेगळं. तसा विचार असेल तर सीसीमिक्सटर ही वेबसाइट बघ, तिथे गाणाऱ्यांनीच नुसते आवाज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली ठेवलेत. परवान्यात 'अव्यावसायिक' लिहिलंय का, तेवढं डाउनलोड करायच्या आधी वाच.