जॉर्जियन आणि तेलुगू : बहिणी, की नुसत्या सारख्या दिसणाऱ्या?

पूर्वभागकर

भाची जॉर्जियात, तिबिलिसीला एमबीबीएस करतेय. परवा तिने कोपऱ्यावरच्या भट्टीच्या पाटीचा फोटो पाठवला आणि घरात एकच गलका झाला, "अरे, ही तर तेलुगू पाटी!" मी सोलापूरच्या पूर्व भागातला. आमची गल्ली पद्मशाल्यांची, म्हणजे तेलुगू विणकरांची, लहानपणापासून मराठीइतकीच तेलुगू कानावर पडली, पाट्याही वाचतो. तरी क्षणभर मीसुद्धा फसलो. तेच गोल गरगरीत वळण, शिरोरेघेचा पत्ता नाही. आणि पाटीवर लिहिलं होतं काय, तर 'तोनिस पुरी'. पुरी!

मग नादालाच लागलो. तेलुगूत परका शब्द आला की त्याला शेपूट लागतं: बँकु, पार्कु, फोनु. जॉर्जियनमध्येही तेच, फक्त शेपूट 'ई'चं: बांकी, पार्की, तेलेफोनी. घर म्हणजे तेलुगूत इल्लु, घरात म्हणजे इंट्लो. तिकडे सख्ली आणि सख्लशी. वडिलांना भूक लागली तर तेलुगू माणूस म्हणतो 'नान्नकि आकलि वेस्तोंदि', जॉर्जियन म्हणतो 'मामास शिया'. दोन्हीकडे भूक 'वडिलांना' लागते. इंग्रजीत असं म्हणून दाखवा.

माझं स्पष्ट मत: एवढं सगळं योगायोगाने जुळत नाही. कधीकाळी या दोघी एका घरात नांदल्या असणार. ठोका आता.

तिरकी_रेघ

ठोकतो. भूक 'वडिलांना' मराठीतही लागते की! त्या न्यायाने जॉर्जियन मराठीचीही बहीण झाली.

भाषांचं नातं चेहऱ्यावरून ठरत नाही. साधं एक ते पाच मोजा. तेलुगू: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, अइदु. जॉर्जियन: एर्ती, ओरी, सामी, ओत्खी, खुती. कुठे काही लागतंय का? आता गोंडीत तीन आणि चार म्हणा: मूंड, नालुंग. तेलुगूची सख्खी बहीण हवी असेल तर गडचिरोलीला जा, तिबिलिसीला कशाला?

जॉर्जियनचं घर वेगळं आहे. त्या घरात चौघीच: जॉर्जियन, मेग्रेली, लाझ आणि स्वान. जॉर्जियनमधला 'कात्सी' (पुरुष) मेग्रेलीत 'कोची' होतो, 'सामी'चं 'सुमी' होतं. 'आ'च्या जागी 'ओ' किंवा 'उ' येणं एकदोन शब्दांपुरतं नाही, शब्दामागून शब्द, ठरल्या नियमाने होतं. नातं म्हणतात ते याला.

लिपीचं म्हणाल तर ही गोलाई दोघींनी आपापल्या घरी कमावली. तेलुगू लिपी ब्राह्मीतून आली, तिथे प्रत्येक व्यंजनात 'अ' गृहीत, बाकी स्वर काना-मात्रेसारखे लागतात आणि जोडाक्षराचा अर्धा भाग खाली लोंबतो. जॉर्जियनची ३३ अक्षरं सुटी, स्वर वेगळे, व्यंजनं वेगळी. आज दिसते ती गोल म्खेद्रुली दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराची. तिच्या आधीची नुस्खुरी बघा, चांगली कोनदार आणि तिरकी. ती पाटी लावली असती तर तुमच्या घरात गलका झालाच नसता.

पूर्वभागकर

@तिरकी_रेघ, आकडे मान्य. पण इल्लिच-स्वितिच या सोव्हिएत अभ्यासकाने १९६० च्या दशकात द्राविडी आणि जॉर्जियनचं कुटुंब एकाच मोठ्या 'नॉस्ट्रॅटिक' कुळात घातलं होतं, त्याचं काय? तो काही माझ्यासारखा पाटी बघून बोलणारा नव्हता.

तिरकी_रेघ

नव्हताच. पण त्याच कुळात त्याने संस्कृत, रशियन, फिनिश, तुर्की आणि अरबीलाही बसवलंय. म्हणजे मराठीही आली. इतकं मोठं गोत असेल तर या दोघींचंच खास नातं कुठे उरलं? आणि बहुतेक भाषाशास्त्रज्ञांना हे कुळ मुळात मान्यच नाही.

बर्फात_भाकरी

तीन वर्षं तिबिलिसीत काढली आहेत म्हणून बोलते. आमच्या फ्लॅटवर दोघी गुंटूरच्या आणि मी लातूरची. तुमचं म्हणणं खरं असतं तर त्या दोघी माझ्या आधी बोलायला लागल्या असत्या. तसं काही झालं नाही, तिघी एकाच वेळी रडलो.

तेलुगू शब्द स्वरावर संपतो, त्यामुळे बोलताना कशी घसरगुंडी असते. जॉर्जियनमध्ये 'तू आम्हाला सोलतोस' याला 'ग्व्प्र्त्स्क्व्नी' म्हणतात. एकच स्वर, तोही शेवटी! शिवाय प, त, क यांचा एक प्रकार घशात हवा कोंडून फट्कन सोडायचा असतो. तो ना गुंटूरला आहे ना लातूरला. आमच्या मॅडम तोंडासमोर कागद धरायला लावायच्या. कागद हलला की चूक.

पण खरी गंमत क्रियापदात आहे. वॉर्डात पेशंटला विचारायचं, 'रा ग्त्कीवा?' म्हणजे काय दुखतंय तुला? त्यातला 'ग्' म्हणजे 'तुला'. तो सांगणार, 'तावी म्त्कीवा', डोकं दुखतंय मला. 'म्' म्हणजे 'मला'. कुणाचं दुखतंय ते क्रियापदाच्याच पोटात बसतं. 'मी तुला पाहिलं' हे सगळं मिळून एक शब्द, 'ग्नाखे'. तेलुगूत 'निन्नु चूशानु', तिथे 'निन्नु' वेगळा सांगावाच लागतो. क्रियापद फक्त 'मी'ची दखल घेतं.

उलट तेलुगूत तो आला 'वच्चाडु', ती आली 'वच्चिंदि'. मांजर आलं तरी 'वच्चिंदि'च (यावर आमच्याकडे एकदा जोरदार भांडण झालंय). जॉर्जियनला स्त्री-पुरुष काही देणंघेणं नाही, 'तो', 'ती', 'ते' सगळ्यांना एकच 'इस'. दोघींचा स्वभावच वेगळा आहे हो.

पूर्वभागकर

थांबा थांबा, 'म्' म्हणजे 'मला'?

तिरकी_रेघ

आता मराठीशी सोयरीक जुळवू नका म्हणजे झालं. आणि ती 'पुरी'ही सोडा. आपली पुरी संस्कृत 'पूरिका'ची. तिकडच्या 'पुरी'तला 'ई' हे विभक्तीचं शेपूट, ते गळून पडतं. तुम्ही दिलेल्या उदाहरणातच बघा, सख्ली पण सख्लशी, तसंच बांकी पण बांकशी. परक्या शब्दाला लागलेला तेलुगूचा 'उ' मात्र जागचा हलत नाही, बँकु आणि बँकुलो. म्हणजे ज्या शेपटीवर तुमचा सगळा भरवसा, ती दोघींची वेगवेगळ्या कामाची आहे.

बर्फात_भाकरी

पुरीवरून आठवलं. तिकडे पुरी म्हणजे पाव-भाकरी, मीठ म्हणजे 'मारिली', आणि पाहुण्याला जेवू घालण्याला तिथे 'पुरमारिली' म्हणतात. सरळ आपली मीठभाकर. तंदूरसारख्या भट्टीत, 'तोने'त, भिंतीला थापून भाजतात ती 'तोनिस पुरी'. लातूरहून नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर अप्रतिम लागते.

फोडणी

सगळे नाहीच म्हणताय, तर एक शब्द माझ्याकडून. वांगं! जॉर्जियात वांग्याला 'बद्रिजानी' म्हणतात. तो आला फारसी 'बादिंजान'वरून, फारसीत तो गेला भारतातून. आणि आपल्याकडे तो मुळात द्राविडीच मानला जातो, म्हणजे तेलुगू 'वंकाय'च्या घरचा. साखरही तशीच: संस्कृत शर्करा, फारसी शकर, जॉर्जियन 'शाकारी', तेलुगू 'चक्केर'. रक्ताचं नातं नसेल, पण बाजाराचं आहे.

तिरकी_रेघ

याला पूर्ण सहमत. वांगं व्यापाऱ्यांबरोबर फिरलं, शब्दही बरोबर गेला. एक ते पाच मात्र कुणी पोत्यात भरून नेले नाहीत.

मांडवीकाठ

अवांतर: जॉर्जिया आणि तेलुगू मुलुखाची खरी गाठ आमच्या गोव्याने घालून दिलीय. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये शिराझला मारली गेली, तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन साधूंनी जुन्या गोव्यात आणला. आपल्या काळात तिथल्या पडक्या चर्चमध्ये हाड सापडलं, त्याची डीएनए तपासणी झाली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत, आणि २०२१ मध्ये भारताने ते अवशेष जॉर्जियाला दिले.

तिरकी_रेघ

अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे! हाड कुणाचं ते 'दिसतंय तर राणीसारखं' म्हणून नाही ठरवलं.

पूर्वभागकर

बरं, बहिणी नाहीत. शेजारणीही नाहीत. लिहून घ्या. पण कालचा प्रसंग ऐका. भाची व्हिडिओ कॉलवर मला 'मामा, मामा' करत होती. आमच्या शेजारच्या तेलुगू काकूंनाही त्यात काही नवल वाटलं नाही, त्यांच्याकडेही मामा म्हणजे मामाच. तेवढ्यात मागून तिच्या घरमालकीणबाई डोकावल्या, माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "मामा?" आणि जॉर्जियनमध्ये मामा म्हणजे वडील! कार्टी सवयीने मराठीत "हो" म्हणाली. तेलुगूत 'अवुनु' म्हणाली असती तर वाचलो असतो. जॉर्जियनमध्येही 'हो' म्हणजे होच निघालं.

बाईंनी हात जोडल्यासारखं काहीतरी केलं आणि भाडं दोन दिवस उशिरा आल्याचं माझ्याच कानावर घातलं.