बेसबॉल, दोघांचं घर आणि कढई: मॅचच्या रात्रीचे तुमचे अनुभव

कढईवाली

मार्चअखेरीस मेजर लीग बेसबॉलचा हंगाम सुरू होतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत प्रत्येक संघ १६२ मॅच खेळतो. म्हणजे आठवड्याला जवळपास सहा! इकडे अमेरिकेत दोघंही नोकरी करणाऱ्या घरात त्यातली शुक्रवारची किंवा शनिवारची एक मित्रमंडळींसोबत बघितली जाते आणि दर वेळी तोच पेच पडतो, ओट्याशी कोण आणि सोफ्यावर कोण? म्हणून हा धागा. कोणाला कोणता संघ आवडतो ते नको, किती माणसांना किती लागतं, सुरुवात कधी करायची आणि काय बिघडतं ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. आधी वेळेचं गणित बदला. २०२३ पासून पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर, घड्याळ लागलंय. बेसवर (धावणाऱ्याच्या टप्प्यावर) कोणी नसेल तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा, कोणी असेल तर पहिल्या वर्षी २० आणि २०२४ पासून १८ सेकंदांत. पूर्वी तीन तासांवर रेंगाळणारी मॅच आता साधारण दोन तास चाळीस मिनिटांत आटोपते. एकूण नऊ इनिंग, एका इनिंगला अठराएक मिनिटं धरा. ७:१० ला पहिला चेंडू पडला तर पाचवी इनिंग ८:२० च्या आसपास लागते. 'आठव्या इनिंगला गोड काढू' म्हणणाऱ्यांचं श्रीखंड फ्रीजमध्येच राहतं, कारण शेवटचा आउट झाला की पाहुणे चपला शोधायला लागतात. जेवण तिसऱ्या इनिंगला मांडायचं, गोड सातवीच्या मधल्या विश्रांतीत.

दर अर्ध्या इनिंगनंतर, म्हणजे एका संघाची फलंदाजी संपली की, सव्वादोन मिनिटांची सुट्टी असते. पिचर बदलला तरी तेवढीच. त्यात वड्यांचा एक घाणा होत नाही, त्याला चार-पाच मिनिटं लागतात. म्हणून वडे दोनदा तळा. मॅचच्या आधी १७५ अंश सेल्सिअस तेलात अडीच मिनिटं, फिकट पिवळे होईतो. ते जाळीवर पसरा. मग सुट्टी लागली की १९० अंशांवर एकच मिनिट. आवरण जास्त कुरकुरीत होतं आणि तळणाऱ्याचा एकही बॅटर चुकत नाही.

लसूणपाकळी

वड्यांचं प्रमाण मी देते. आठ माणसं, माणशी तीन, म्हणजे चोवीस वडे. सोलण्याआधीचे बटाटे सव्वा किलो, इथल्या पाच पौंडी पिशवीतले निम्म्याहून थोडे जास्त. पन्नास ग्रॅमचा एक गोळा. तीन कप बेसन, साधारण दीड कप पाणी (थोडं थोडं घाला), दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन, पाव लहान चमचा सोडा.

घोळ बटाट्यात होतो. इथला रसेट जातीचा बटाटा पिठूळ असतो. सोलून, तुकडे करून पाण्यात उकडला की पाणी पितो आणि भाजी सैल होते. असा गोळा तेलात गेला की आतली वाफ आवरण फोडते. मग तेलात भाजी उतरते, तेल काळं पडतं आणि पुढचे सगळे घाणे कडवट. सालीसकट, अख्खे, कुकरमध्ये तळाला एक कप पाणी घालून जाळीवर वाफवा. ताटात पसरून वाफ पूर्ण गेल्यावरच कुस्करा, त्यासाठी दोन तास हाताशी ठेवा. युकॉन गोल्ड जातीचा बटाटा पाणी कमी धरतो, पण फार कुस्करला तर चिकट होतो. मी दोन्ही निम्मे-निम्मे घेते.

एअर फ्रायरमध्ये ओल्या पिठाचा वडा होत नाही. पीठ जाळीतून गळतं आणि उरतो तो पोपडे आलेला बटाटा. या विषयावर वाद घालायची माझी तयारी नाही.

सुक्या चटणीला एक कप सुकं खोबरं, पंधरा लसूणपाकळ्या, अर्धा कप भाजलेले दाणे, दोन मोठे चमचे तिखट. इथल्या दुकानात बेकिंगच्या कप्प्यात जो खोबऱ्याचा कीस मिळतो, त्यातला निम्मा साखर घातलेला असतो. पाकीट उलटून वाचा. पाहुण्यांत कोणाला दाण्याची ॲलर्जी असेल तर दाण्यांऐवजी तीळ, आणि मिक्सरचं भांडं आधी घासून. हे बोलावतानाच विचारायचं, ताट वाढताना नाही.

पावाचं दुःख वेगळंच. छोटे गोड रोल दिसायला लादीपावासारखे, पण वड्यासोबत शिऱ्याची चव येते. इंडियन दुकानातला फ्रोझन लादीपाव चांगला, नाहीतर बटाट्याच्या पिठाचे बर्गर बन घ्या. तव्यावर बटरमध्ये तीस सेकंद.

सहा_चार_तीन

मंडळी, पाहुण्यांना मॅचमध्ये धरून ठेवायचं असेल तर त्यांच्या हातात पेन्सिल द्या. क्रिकेटवाल्यांना बेसबॉल कंटाळवाणा वाटतो तो आकडे कळत नाहीत म्हणून. स्कोअरशीटची पानं फुकट छापून घेता येतात, दोन माणसांत एक पुरतं.

प्रत्येक क्षेत्ररक्षकाला क्रमांक असतो. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग लेफ्ट फील्ड ७, सेंटर ८, राइट ९. शॉर्टस्टॉप सहा आणि तिसरा बेस पाच, इथे हमखास गोंधळ होतो. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसला दिला आणि तिथून पहिल्या बेसला, तर ६-४-३, दोघं बाद. सेंटर फील्डला उंच झेल गेला तर 'एफ८'. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा सोडलेले चांगले चेंडू, होऊन बाद) 'के'. बॅटर बॅट न हलवता नुसता बघत राहिला तर तोच 'के' उलटा काढायचा. वॉकला (चार वाईट चेंडू पडून फुकट पहिला बेस) 'बीबी'.

चौकोनात बेसचा छोटा हिरा काढलेला असतो. खेळाडू जेवढे बेस पुढे गेला तेवढ्या बाजू गडद करायच्या, घरी, म्हणजे बॅटरच्या जागी (होम प्लेटला), परत पोचला तर पूर्ण हिरा भरायचा. नवशिक्याने पहिल्या दिवशी फक्त आउट आणि हिरे नोंदवावेत. प्रत्येक चेंडू लिहायला गेलात तर दुसऱ्या इनिंगला पेन्सिल खाली पडते.

जाता जाता, ही पद्धत रुजवणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. तेव्हा 'हे आपलं नाही' म्हणणाऱ्या काकांना एवढं सांगावं.

डावखुरा

रविवारी सकाळी बागेत जोडीने कॅच खेळणाऱ्यांसाठी. ग्लव्ह ज्या हाताने चेंडू फेकता त्याच्या उलट्या हातात जातो. पाटीवर 'राइट हँड थ्रो' लिहिलेला ग्लव्ह उजव्या हाताने फेकणाऱ्याचा, तो डाव्या हातात बसतो. ऑनलाइन मागवताना निम्मे देशी इथेच फसतात. बेसबॉलला आतल्या क्षेत्रासाठी साडेअकरा इंचांच्या आसपासचा, सॉफ्टबॉलला (तोच खेळ, मोठ्या चेंडूचा) साडेबारा ते तेरा इंचांचा.

नवा चामडी ग्लव्ह पुठ्ठ्यासारखा असतो. चामड्याचं कंडिशनर वाटाण्याएवढं घेऊन बिजागरीला आणि खोबणीला चोळा, खोबणीत चेंडू ठेवून दोरीने बांधा, रात्रभर ठेवा आणि रोज पंधरा मिनिटं त्याने झेल घ्या. दोन-तीन आठवडे लागतात. ओव्हनमध्ये गरम करणं, पाण्यात बुडवणं, खोबरेल तेल ओतणं यांतलं काहीही करू नका. उष्णतेने वाद्या वाळून तुटतात आणि जास्त तेलाने ग्लव्ह जड, लिबलिबीत होतो.

बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅम, क्रिकेटचा १५६ ते १६३. 'हलकाच आहे' म्हणून उघड्या हाताने धरायला जाऊ नका, समोरचा सपाट आणि जोरात फेकतो, बोटं सुजतात. सुरुवात दहा मीटरवरून, वीसेक हळू फेका, मग एकेक पाऊल मागे.

ऑफिसच्या सॉफ्टबॉल लीगमध्ये क्रिकेटवाल्यांच्या तीन सवयी घात करतात. पहिली, बॅट घेऊन पळणं. बॅट खाली टाकायची, भिरकवायची नाही, मागे कॅचर असतो. दुसरी, मारून उभं राहणं. चेंडू हद्दीत पडला की धावावंच लागतं, 'नको, थांब' हा पर्याय नाही. तिसरी, आपल्या बाजूचा उंच फटका गेला की बेस सोडून सुसाट सुटणं. झेल झाला तर परत बेसला पाय लावायचा असतो, नाहीतर दोघं बाद. आणि दोन स्ट्राइकनंतर फाउल गेला, म्हणजे फटका हद्दीबाहेर गेला, तर बेसबॉलमध्ये (बंट, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून केलेला हलका फटका, सोडून) बॅटर जिवंत राहतो, पण हौशी स्लो-पिचच्या (चेंडू हळू, उंच टाकायच्या सॉफ्टबॉलच्या) कित्येक लीगमध्ये तो आउट असतो. आधी विचारून घ्या. शिकागोवाल्यांना वेगळं सांगायला नको, तिकडचा सोळा इंची चेंडू ग्लव्हशिवायच खेळतात.

थालीपीठ_टू_गो

मैदानावर जाणार असाल तर घरचा डबा न्या. बऱ्याच स्टेडियममध्ये स्वतःपुरतं खाणं नेता येतं, फक्त काच, डबाबंद पेयं आणि मोठी पिशवी चालत नाही. पिशवी बहुतेक ठिकाणी १६ × १६ × ८ इंचांपर्यंत, काही ठिकाणी पारदर्शकच लागते. नियम संघागणिक वेगळे आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून आदल्या दिवशी त्या मैदानाचं पान बघा. पार्किंगमध्ये शेगडी मांडून जेवायची पद्धत मिलवॉकीला जोरात आहे, लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये मनाई आहे.

डब्यात काय? थालीपीठ, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याचे लाडू. पातळ भाजी नको, मांडीवर चार तळहातांएवढी जागा असते. वडा फॉइलमध्ये गुंडाळला की स्वतःच्या वाफेने मऊ पडतो. कागदी पिशवीत, तोंड उघडं ठेवून न्या. दही नेलंत तर बर्फाच्या पिशवीसकट.

शाकाहारी मंडळींनी स्टॉलवर 'बीन्स' दिसले तर विचारावं, त्यात कधी कधी डुकराची चरबी असते. शेंगा, प्रेट्झेल आणि फ्राईज बहुधा निर्धोक.

जागा निवडताना सूर्य बघा. बहुतेक मैदानांत बॅटरचं तोंड साधारण पूर्व-ईशान्येला असतं. म्हणून दुपारच्या मॅचला तिसऱ्या बेसच्या बाजूला आणि होम प्लेटच्या मागे सावली आधी येते. पहिल्या बेसच्या आणि राइट फील्डच्या बाजूला डोळ्यांवर ऊन. एप्रिलमध्ये मात्र उत्तरेकडच्या शहरांत हेच उलटं वापरा, ऊन हवंच असतं.

नवी_सून_नवं_शहर

टीव्हीवर आपल्याच गावचा संघ दिसत नाही, बाकी सगळे दिसतात. काय चुकतंय?

सहा_चार_तीन

काही नाही चुकत. लीगचं स्ट्रीमिंग पॅकेज मुळात बाहेरगावच्या संघांसाठी आहे, स्थानिक मॅच प्रादेशिक वाहिनीसाठी राखलेली असते. पॅकेज घेण्याआधी आपला पिन कोड टाकून कोणते संघ झाकले जातात ते बघा, काही ठिकाणी एकाहून जास्त संघ झाकलेले निघतात. रेडिओच्या धावत्या वर्णनाला मात्र ही अडचण नसते. स्वयंपाकघरात तेच लावा, तळताना डोळे तेलावर राहतात.

कोथरूडचे_आजोबा

मुलं तिकडे, आम्ही इकडे, पण मॅच एकच. उन्हाळ्यात पूर्व किनाऱ्यावरची ७:०५ ची मॅच आपल्याकडे पहाटे ४:३५ ला आणि कॅलिफोर्नियातली ७:१० ची सकाळी ७:४० ला. दुसरी सोयीची, पोहे आणि चहा बरोबर तिसऱ्या इनिंगला.

लसूणपाकळी

अपार्टमेंटवाल्यांनो, धुराचा अलार्म राहिला! ओट्यावरचा पंखा बाहेर हवा टाकतो की गाळून परत घरातच सोडतो ते आधी तपासा. दुसऱ्या प्रकारचा असेल तर तळण्याच्या दहा मिनिटं आधी खिडकी उघडा आणि तिच्यात बाहेर तोंड करून टेबलफॅन ठेवा. अलार्मची बॅटरी काढू नका. लसूण करपू द्यायची नाही, तिचाच धूर सर्वांत लवकर पोचतो.

कढईवाली

आणि वडे उरलेच तर? गार होऊ द्या, पण दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी मिसळीचा कट उकळवून वाटीत घ्या, वडा ओव्हनमध्ये १८० अंशांवर आठ मिनिटं गरम करून वाढतानाच त्यात सोडा. कटात उकळू नका, आवरण सुटून पिठलं होतं. कटाचं वाटण, म्हणजे कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण, चांगलं खरपूस परतून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. दोघांना चार खडे पुरतात.