लेवीयात अडकलात तर

बायबल उत्पत्तीपासून, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून, वाचायला घेतलं आणि लेवीयात, म्हणजे यज्ञ-नियमांच्या तिसऱ्या पुस्तकात, गाडी अडकली, असं तुम्ही लिहिलंय. अहो, बहुतेकांची तिथेच अडकते! सध्या लेवीय बाजूला ठेवा. आधी मार्कचं शुभवर्तमान (येशूची जीवनकथा) घ्या, 16 च अध्याय आहेत. मग फिलिप्पैकरांस पत्र. येशूचा प्रेषित पौल याने ते कैदेत असताना लिहिलंय आणि तरी त्यात पानोपानी आनंद आहे.

प्रार्थनेत मन लागत नसेल तर बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 13 उघडा. सहाच वचनं. सुरुवातीलाच दावीद राजा देवाला ‘कोठवर?’ म्हणून चार वेळा विचारतो. अशी तक्रारही पवित्र शास्त्रात बसते, हे मला फार धीराचं वाटतं.

आणि पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) प्रश्न विचारायला बिचकू नका. बिरुया शहराचे लोक पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात ताडून पाहत (प्रेषितांची कृत्ये 17:11).